मेन्यूकार्ड नसलेल्या मुक्कामाचं गणित

पनवेलच्या पळस्पे फाट्याहून गोव्याचा रस्ता फुटतो. शनिवारी सकाळी या फाट्यावरून दिवेआगर, श्रीवर्धन, मुरुडकडे वळणाऱ्या गाड्यांतल्या बऱ्याच जणांनी आदल्या दिवशी एक फोन केलेला असतो. ‘काकू, उद्या दुपारी सहा जण आहोत.’ पलीकडून लगेच प्रश्न सुरू होतात. मासे खाणारे किती, शाकाहारी किती, मोदक हवेत का, हवे असतील तर किती, आणि नक्की किती वाजेपर्यंत पोहोचाल? मुक्काम करायचा असेल तर दर बहुतेक वेळा खोलीवर नसतो, माणशी असतो. त्यात चहा-नाश्ता आणि जेवण आलंच. दोन तास उशीर केलात तर चालत नाही, आणि आयत्या वेळी ‘आणखी चौघं आलोत’ म्हटलंत तर काकूंच्या कपाळावर आठी पडते. हीच मंडळी हमरस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात उतरली तर रात्री अकरा वाजताही दोनशे पदार्थांतून हवं ते मागवू शकतात. त्यामुळे आपण सहज एक निष्कर्ष काढतो: जागा लहान, माणसं कमी, म्हणून अटी जास्त. पैसे वाढवले की अटी गळून पडतात आणि निवड वाढते. चैन म्हणजे हवं ते, हवं तेव्हा.

हा निष्कर्ष किमतीच्या जिन्यावर बऱ्याच उंचीपर्यंत टिकतो, आणि अगदी वरच्या पायरीवर कोसळतो. जपानमध्ये जुन्या पद्धतीच्या निवासाला ऱ्योकान म्हणतात. क्योतो शहरातलं तावाराया हे सुमारे तीनशे वर्षांचं ऱ्योकान. खोल्या फक्त अठरा. त्याच्याजवळचं हिइरागिया १८१८ सालचं. अशा ठिकाणी एका रात्रीला माणशी साठ-सत्तर हजार येन सहज पडतात, लाखाच्या वरही जातात. एक येन साधारण पंचावन्न-साठ पैशांचा धरला तर हिशोब आपला आपण करावा. एवढे पैसे मोजल्यावर काय मिळतं? माणशी दर, ठरलेली जेवणाची वेळ, मेन्यूकार्ड नाही, काय खात नाही ते आधी कळवा, आणि आयत्या वेळी रद्द केलंत तर बहुतेक रक्कम गेली. म्हणजे दिवेआगरच्या काकूंच्याच अटी, फक्त जास्त कडक. तेव्हा या अटी गरिबीतून आलेल्या नाहीत हे उघड आहे. माझं म्हणणं असं की उत्तम ताजं जेवण आणि भरपूर निवड या दोन गोष्टी एका स्वयंपाकघरात सहसा नांदत नाहीत, आणि ऱ्योकानातला मुक्काम ज्याला मनापासून उपभोगायचा आहे त्याने आपण नेमकं काय देऊन काय घेतो आहोत हे आधी समजून घ्यावं.

दोनशे पदार्थ येतात कुठून?

समजा, एका हॉटेलच्या मेन्यूकार्डावर दोनशे पदार्थ आहेत आणि रात्री पन्नास गिऱ्हाइकं येणार आहेत. कोण काय मागवेल हे कुणालाच ठाऊक नाही. दोनशेही पदार्थांचं सामान ताजं आणून ठेवलं तर त्यातलं बरंचसं टाकून द्यावं लागेल आणि धंदा महिन्याभरात बसेल. त्यामुळे स्वयंपाकघर एक वेगळी युक्ती करतं. कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, काजूची पांढरी ग्रेव्ही, एखादी पिवळी ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार होते. चिकन अर्धवट शिजवून ठेवतात, मासे गोठवलेले असतात. ऑर्डर आली की तयार तुकडे तयार रश्श्यात पडतात, वर मलई किंवा मिरची, आणि दहा मिनिटांत पदार्थ टेबलावर. दोनशे नावं असतात, पण मुळात दहा-बारा गोष्टींच्या त्या वेगवेगळ्या जुळण्या असतात. यात फसवणूक काही नाही. गिऱ्हाइकाला निवड हवी असते आणि निवड पुरवण्याचा हाच परवडणारा मार्ग आहे.

मात्र या मार्गाने काही पदार्थ जन्माला येऊच शकत नाहीत. ज्यांचं आयुष्य काही मिनिटांचं आहे, किंवा ज्यांची तयारी तासन्‌तास चालते आणि उरलं तर पुन्हा वापरता येत नाही, ते मेन्यूकार्डावर टिकत नाहीत. उकडीचा मोदक घ्या. उकड गरम असतानाच मळावी लागते, पारी हाताने करावी लागते, आणि मोदक वाफेवरून उतरल्यावर थोड्याच वेळात पान मांडलेलं असावं लागतं. तो किती जणांसाठी आणि किती वाजता, हे आधी कळल्याखेरीज कुणी शहाणी बाई उकड काढणार नाही. माशाचंही तसंच. सहा माणसं येणार हे रात्री कळलं असेल तर सकाळी बंदरावर सहा जणांपुरतीच सुरमई घेता येते. ती फ्रीजमध्ये जात नाही, दुसऱ्या दिवशी उरत नाही, आणि तिची किंमत फुकट गेलेल्या माशांच्या किमतीसकट लावावी लागत नाही.

अठरा खोल्यांच्या ऱ्योकानात एका रात्री जेमतेम चाळीस माणसं. प्रत्येकाचं नाव, वेळ, पथ्य आणि आवड-नावड आधीच कळलेली. मुख्य आचारी सकाळी बाजारात जातो तो ही यादी डोक्यात ठेवून. अंदाज बांधण्याचा खर्च शून्यावर आला की तोच पैसा जिनसांवर आणि हातांवर लावता येतो. माणशी दराचं कोडंही इथेच सुटतं. साध्या हॉटेलात तुम्ही खोली विकत घेता, म्हणून एक माणूस झोपला काय नि दोन झोपले काय, दर जवळपास तोच. इथे खर्चाचा मोठा भाग माणसामागे होतो, भिंतींमागे होत नाही. आणि आयत्या वेळी आरक्षण रद्द केल्यावर बसणारा जबर भुर्दंडही अरेरावी वाटायचं कारण नाही. तुमच्या नावाचा मासा तोवर विकत घेऊन झालेला असतो.

एक रात्र, दोन जेवणं

या व्यवस्थेचं मूळ चैनीत नसून पायपिटीत आहे. सतराव्या शतकापासून तोकुगावा राजवटीत एदो, म्हणजे आजचं तोक्यो, आणि क्योतो यांना जोडणारा तोकाइदो हा हमरस्ता गजबजू लागला. सुमारे पाचशे किलोमीटरच्या या वाटेवर त्रेपन्न टप्पे होते. चालत जाणाऱ्याला साधारण दोन आठवडे लागत. टप्प्यांवर सामान्य वाटसरूंसाठी दोन प्रकारच्या जागा असत. एका प्रकारात नुसती पथारी मिळे. शिधा आपला, शिजवायचंही आपणच, मालकाला द्यायचे ते जळणाचे पैसे. दुसऱ्या प्रकाराला हातागो म्हणत आणि तिथे जेवण मिळे. वाटसरू दिवस मावळताना येणार आणि पहाटे निघणार, म्हणून संध्याकाळचं एक जेवण आणि सकाळची एक न्याहारी एवढंच मोजकं. दुपारी तो पुढच्या रस्त्यावर असे. पुढे आगगाड्या आल्या, मोटारी आल्या, वाटसरूचा पर्यटक झाला, तरी एक रात्र आणि दोन जेवणं हा करार तसाच राहिला. आपल्याकडच्या धर्मशाळा पहिल्या वाटेने गेल्या आणि तिथेच थांबल्या. जेवणासकट मुक्काम हा आपल्याकडे व्यवसाय झाला तो फार उशिरा, आणि किनाऱ्यावर तर अलीकडच्या काही दशकांत.

जेवणाची वेळ एवढी घट्ट का, याचं उत्तर थोडंसं खोलीच्या रचनेतही आहे. पारंपरिक खोलीत पलंग नसतो. जमिनीवर तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया, प्रत्येकी साधारण सहा फूट बाय तीन फूट. दिवसा तीच खोली बैठकीची, संध्याकाळी जेवणाची, रात्री निजायची. अनेक जुन्या ऱ्योकानांत जेवण खोलीतच येतं. एकेक पदार्थ घेऊन येणारी सेविका, तिला नाकाई म्हणतात, शेवटची भांडी उचलते, बुटकं मेज बाजूला सरतं, आणि मग कपाटातल्या गाद्या अंथरल्या जातात. तुम्ही जेवायला दोन तास उशीर केलात तर नुसता आचारी खोळंबत नाही, गाद्याही खोळंबतात. दुपारी तीनच्या सुमारास आगमन, चहा आणि काहीतरी गोड, मग स्नान, सहा-सातला जेवण, रात्री किंवा पहाटे पुन्हा स्नान, आठला न्याहारी, दहा-अकराला निरोप: हा क्रम जो पाळतो त्याला ऱ्योकान पैसा वसूल करून देतं. दिवसभर देवळं पाहून रात्री नऊला थकून येणाऱ्याने एवढ्या महाग जागी उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो ज्या गोष्टींचे पैसे भरतो त्यांपैकी निम्म्या त्याच्या गैरहजेरीत संपून जातात.

स्नानाबद्दल थोडंच सांगतो, कारण प्रवासवर्णनांतून त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. जपानच्या १९४८ च्या कायद्यानुसार जमिनीतून येणारं पाणी पंचवीस अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असेल, किंवा त्यात ठरावीक खनिजं असतील, तर त्याला उष्ण झरा म्हणता येतं. आपल्या रायगडातही पालीच्या बल्लाळेश्वराजवळ उन्हेऱ्याची कुंडं आहेत, महाडजवळ सवचा झरा आहे. जपानातली बरीचशी उष्णता ज्वालामुखींची. कोकणात पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि पुन्हा वर येतं. फरक उपयोगाच्या रीतीतही आहे. तिथे हौदात उतरण्याआधी साबण लावून अंग पूर्ण धुवायचं असतं. हौद मळ काढायला नसतो, नुसतं बसायला असतो. कपडे घालून उतरता येत नाही, आणि अंगावर गोंदण असेल तर अनेक सार्वजनिक हौदांवर मनाई होते. संकोच वाटत असेल तर बऱ्याच ठिकाणी कुटुंबापुरता हौद ठरावीक वेळेसाठी राखून मिळतो. हेही अर्थात आधी सांगूनच.

कच्चं, उकडलेलं, भाजलेलं

रात्रीच्या या जेवणाला काइसेकी म्हणतात. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहागुरूने चहाच्या समारंभाला जे साधं रूप दिलं, त्यात घट्ट हिरवा चहा रिकाम्या पोटी पिऊ नये म्हणून एक आमटी आणि दोन-तीन पदार्थ असं मोजकं जेवण असे. दुसरी धारा मेजवान्यांची, जिथे तांदळाची दारू म्हणजे साके आणि तिच्या जोडीचे पदार्थ महत्त्वाचे. आजच्या ऱ्योकानातलं जेवण या दुसऱ्या धारेतलं आहे, पण पहिलीचा संयम तिच्यात मुरलेला आहे. यात दहा-बारा छोटे पदार्थ ओळीने येतात. आधी घासभर काहीतरी, मग ऋतू दाखवणारं एक तबक, झाकणाच्या लाखी वाडग्यातलं सूप, कच्च्या माशाचे काप, भाजलेलं, मंद शिजवलेलं, तळलेलं किंवा शिरक्यातलं, आणि अगदी शेवटी भात, मिसो आमटी आणि लोणचं. मग फळ. घराघरांप्रमाणे हा क्रम थोडा इकडेतिकडे होतो.

यातली मेख अशी. आपलं मेन्यूकार्ड जिनसांप्रमाणे लावलेलं असतं: पनीर, चिकन, मासे, भाज्या. हे जेवण कृतीप्रमाणे लावलेलं असतं. लागोपाठचे दोन पदार्थ सहसा एकाच रीतीने केलेले नसतात. जीभ एकाच चवीला लवकर सरावते. तिसऱ्या घासाला जे सुंदर लागतं ते विसाव्या घासाला नुसतं पोट भरतं. त्यामुळे प्रत्येक पदार्थ जीभ सरावण्याच्या आत संपवायचा आणि पुढचा पदार्थ तापमान, पोत आणि कृती बदलून आणायचा. वाट्या लहान असतात त्या म्हणून. ‘एवढे पैसे देऊन पोट तरी भरतं का?’ हा आपल्याकडचा नेहमीचा आक्षेप, आणि त्याचं उत्तर असं की भरतं, पण शेवटच्या भातानंतर. जो चौथ्या वाटीला ‘भात कुठाय?’ म्हणून अस्वस्थ होतो त्याने हे ध्यानात ठेवावं की साके स्वतःच तांदळाची असल्याने ती चालू असेतो भात आणत नाहीत. दारू न पिणाऱ्याने तसं आधी सांगितलं तर काही ठिकाणी भात लवकरही येतो.

दुसरी गोष्ट ऋतूची, आणि इथे रायगडचा माणूस मुळीच अनोळखी नाही. जपानी स्वयंपाकी प्रत्येक जिनसेच्या हंगामाचे तीन भाग मानतात: नुकती आलेली, ऐन भरातली, आणि निरोप घेणारी. पहिलीचं कौतुक नवलाईचं, दुसरीचं चवीचं, तिसरीचं हुरहुरीचं. पनवेलच्या बाजारात पहिल्या पावसानंतर आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात. ती घशाला खवखवतात म्हणून सोबत काकडांची आंबट फळंही विकतात, आणि थोड्याच दिवसांत दोन्ही दिसेनाशी होतात. थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात घालून पोपटी लागते, ती मे महिन्यात कुणी मागत नाही. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, म्हणून पावसाळ्यात सुकट-बोंबील आणि खाडीचे मासे. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर हिमखेकड्याची मासेमारी ६ नोव्हेंबरला खुली होते आणि किनोसाकीसारख्या झऱ्यांच्या गावात त्या खेकड्यासाठी हिवाळाभर गर्दी लोटते. मार्चनंतर तो मिळत नाही, आणि जपानी पाहुणा एप्रिलमध्ये तो मागतही नाही.

क्योतो समुद्रापासून लांब. जुन्या काळी उन्हाळ्यात तिथे जिवंत पोहोचणारा मासा म्हणजे हामो, एक चिवट वाम. पण त्याच्या मांसात असंख्य बारीक काटे असतात आणि ते उपसून काढता येत नाहीत. त्यावर तिथल्या आचाऱ्यांनी शोधलेला उपाय असा, की जड सुरीने मांसावर अगदी जवळजवळ चिरा द्यायच्या, तीन सेंटीमीटरमध्ये चोवीस-पंचवीस, आणि खालची कातडी मात्र अखंड ठेवायची. काटे इतके बारीक होतात की जाणवत नाहीत, आणि गरम पाण्यात टाकताच तुकडा फुलासारखा उमलतो. हे हात कमावायला वर्षं जातात. जुलैच्या गिओन उत्सवात क्योतोत हामो असतोच. आता अशा पदार्थाची ऑर्डर रात्री अकराला द्यायची म्हटलं तर काय होईल, हे सांगायला नको. तुमच्यासाठी दोन तुकडे चिरायचे असतात म्हणून तुमचं नाव आधी हवं असतं.

चौकट: आरक्षणाच्या वेळीच सांगायचं ते

जे पोहोचल्यावर सांगितलं तर उपयोग नाही ते आधी लिहून कळवावं. कोणते मासे किंवा मांस चालत नाही. माशाचं पाणीसुद्धा चालत नाही का. अंडं, कांदा, लसूण, कंदमुळं यांचं काय. दारू घेणार की नाही. खाली बसता येत नसेल तर खुर्ची-टेबल. सोबत लहान मुलं असतील तर त्यांचं वय, कारण त्यांचं ताट आणि दर वेगळा असतो आणि काही जुनी ऱ्योकानं लहान मुलांना घेतच नाहीत. पोहोचायची वेळ खरी सांगावी. सलग दोन रात्री राहणार असाल तर दुसऱ्या रात्री पदार्थ बदलतात का, हे विचारून घ्यावं. बक्षिशी द्यायची रीत नाही. सेवेचे पैसे दरात धरलेले असतात.

शाकाहाऱ्याने काय करावं?

मराठी पर्यटकांपुढचा सगळ्यात खरा आक्षेप हाच आहे, आणि तो ‘थोडं जुळवून घ्या’ म्हणून उडवून लावता येणार नाही. अडचण ताटातल्या माशाची नाहीच. अडचण आहे दाशीची. दाशी म्हणजे कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवून किसलेला बोनिटो मासा यांचं पारदर्शक पाणी. सूप, शिजवलेल्या भाज्या, अंड्याच्या वड्या, तळणीसोबतचं बुडवण, बहुतेक सगळीकडे ते असतं. आयत्या वेळी ‘मासा नको’ म्हटलं तर आचारी माशाचा तुकडा काढून घेईल. पण आमटीतली मोहरी एकवेळ वेचता येते, फोडणी वेचून काढता येत नाही. त्यात जपानमध्ये ‘भाज्याच खातो’ म्हणणाऱ्याला माशाचं पाणी चालत असेल असं बरेच जण धरून चालतात.

ही दाशी इतकी सगळीकडे का, याला रसायनशास्त्रात उत्तर आहे. १९०८ साली तोक्योचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या पाण्यातली चव कशामुळे येते ते शोधलं: ग्लुटामेट. गोड, आंबट, खारट, कडू यांत न बसणाऱ्या या चवीला त्यांनी उमामी हे नाव दिलं. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना वाळवलेल्या बोनिटोत इनोसिनेट सापडलं. पुढे अकिरा कुनिनाका यांनी दाखवलं की शिताके अळंबीत ग्वानिलेट हा त्याच जातीचा पदार्थ असतो, आणि यांपैकी कुठलाही एक ग्लुटामेटसोबत आला की चव नुसती दुप्पट होत नाही, कितीतरी पटींनी वाढते. या शोधातच शाकाहाऱ्याची वाट आहे. बोनिटोच्या जागी वाळवलेली शिताके घातली तरी जोडी जमते. चव वेगळी येते, थोडी मातकट, पण दुबळी नसते.

बौद्ध मठांनी हे रसायनशास्त्राची वाट न पाहता केलं होतं. झेन परंपरेतल्या दोगेन यांनी १२३७ मध्ये मठाच्या आचाऱ्यासाठी स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मठातल्या या जेवणाला शोजिन म्हणतात; त्यात मांस-मासे नाहीत, आणि कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या गोष्टीही वर्ज्य. हे खायचं तर कोयासानला जावं. ओसाकाच्या दक्षिणेला वाकायामा प्रांतात, डोंगरमाथ्यावर, नवव्या शतकात कूकाइ यांनी स्थापलेलं हे मठांचं गाव आहे. तिथल्या शंभरावर मठांपैकी पन्नासेक पाहुण्यांना मुक्कामाला ठेवतात. तिळाचं खवा-घट्ट तोफू आणि गोठवून वाळवलेलं तोफू ही तिथली खासियत. महाराष्ट्राचं या डोंगराशी नातंही आहे: वाकायामा आणि महाराष्ट्र यांच्यात २०१३ मध्ये सहकार्य करार झाला, आणि २०१५ च्या सप्टेंबरात कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. जैन मंडळींना मात्र इथेही जपून राहावं लागेल, कारण मुळा, गाजर, अळकुडीसारखे कंद मठाच्या ताटात भरपूर असतात. थोडक्यात, शाकाहाऱ्याने नामांकित ऱ्योकानात जाऊन निम्म्या वाट्या परत पाठवण्यापेक्षा, जिथे शाकाहार हीच त्या स्वयंपाकघराची विद्या आहे तिथे जावं. तिथेही मेन्यूकार्ड नाही, हे ओघाने आलंच.

पद्धत इतकी चांगली, तर ऱ्योकानं बंद का पडतात?

हा आक्षेप सगळ्यात जड आहे. १९८० च्या सुमारास जपानमध्ये ऐंशी हजारांवर ऱ्योकानं होती. आता त्यांची संख्या निम्म्याच्याही खाली आली आहे. गिऱ्हाइकाला निवड नको असते, असं म्हणणाऱ्याने या आकड्याकडे पाहावं. याची कारणं अनेक आहेत. पुढची पिढी शहरात गेली. पहाटेच्या न्याहारीपासून रात्रीच्या गाद्यांपर्यंत लागणारी माणसं मिळेनाशी झाली. कंपन्यांच्या मोठ्या सहली आटल्या, आणि त्यांच्यासाठी बांधलेली शेकडो खोल्यांची झऱ्याकाठची निवासस्थानं ओस पडली. या शेवटच्या कारणाकडे मी विशेष लक्ष वेधीन, कारण शेकडो खोल्यांच्या जागेत ठरलेलं जेवण म्हणजे सर्वांना सारखं, आधीच वाढून ठेवलेलं, गार झालेलं जेवण. निवडही गेली आणि ताजेपणाही गेला. निवड सोडण्याच्या बदल्यात जे मिळायचं तेच मिळेनासं झाल्यावर लोकांनी पाठ फिरवली, यात पद्धतीचा पराभव नाही, तिच्या नकलेचा आहे.

सरकारने आणि काही मालकांनी यावर तोड काढली आहे ती मुक्काम आणि जेवण वेगळं करण्याची. खोलीचे पैसे वेगळे, जेवण हवं तर घ्या, नाहीतर गावात खा. परदेशी पाहुणे चार-पाच रात्री राहतात, त्यांना रोज बारा वाट्यांचं जेवण नको असतं, हे खरंच आहे. ज्या गावात बाहेर चांगली खानावळ आहे तिथे ही सोय उत्तम. पण आचाऱ्याला मग पुन्हा अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज आला की गोठवलेलं सामान येतं. आपल्या किनाऱ्यावर हेच उलट्या दिशेने चालू आहे. ‘आधी सांगा’ म्हणणाऱ्या घरांच्या दारावर हळूहळू पनीर, मंचुरियन आणि तंदूरचे फलक दिसू लागले आहेत, कारण न सांगता येणारं गिऱ्हाईक परत जाऊ नये. त्यांचा हिशोब मला कळतो. पण पनवेलहून तीन-चार तास गाडी हाकत जाऊन पनवेललाच मिळणारं पनीर खायचं, याला पर्यटन का म्हणावं, हे कळत नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. क्योतोतल्या नामांकित जागेचा एक मुक्काम बहुतेकांच्या सहलीचं अंदाजपत्रक मोडतो, आणि या अनुभवासाठी तो केलाच पाहिजे असं नाही. लहान गावांतल्या चांगल्या ऱ्योकानांत वीस-तीस हजार येनांत माणशी एक रात्र आणि दोन जेवणं मिळतात. शनिवार आणि सुट्ट्या टाळल्या तर आणखी कमी. सात-आठ दिवसांच्या सहलीत असा एकच मुक्काम ठेवावा, तो मध्यावर ठेवावा, आणि त्या दिवशी दुपारी तीननंतर काहीही पाहायचं नाही असं ठरवावं. राहायचं नसेल, नुसतं जेवायचं असेल, तर क्योतोतली अनेक काइसेकी भोजनगृहं दुपारी त्याच स्वयंपाकघरातलं आखूड जेवण रात्रीच्या निम्म्या किंवा त्याहून कमी दरात वाढतात. तेही अर्थात आधी नाव नोंदवून.